खडी वाजणारा पंप: प्रकल्प नोंदी, फेब्रुवारी ते एप्रिल २०२४

१२ फेब्रुवारी

पंचगंगेच्या काठावरच्या एका उपसा संस्थेची तक्रार सर्व्हिसमधून डिझाईनकडे आली. ४० एचपी, १४५० आरपीएम, पंप आमच्याच कंपनीचा. तक्रारीच्या कागदावर एकच ओळ: "मोटर खडी फोडत्या." सोबत सर्व्हिसवाल्याची नोंद, दोन वर्षांत तिसरा इंपेलर, म्हणजे पंपातलं पाणी फेकणारं चाक.

साहेब म्हणाले, "तू जा. तीन वर्षं पंपाचे कर्व्ह काढतेस, एकदा पंप चालताना बघ." मी म्हटलं, टेस्ट बेडवर बघते की. ते म्हणाले, "टेस्ट बेडवर नदी नसते."

सोबत तात्या. आयटीआय फिटर, निवृत्तीला तीन वर्षं राहिलेली. मी २०१९ ची बीई मेकॅनिकल, मग एक वर्ष अप्रेंटिस, मग डिझाईन. अप्रेंटिसच्या वर्षात माझ्या हातात पाना किती वेळा आला ते एका हाताच्या बोटांवर मोजता येईल. बाकी वेळ एक्सेल.

१४ फेब्रुवारी

पहिली भेट. जॅकवेल, म्हणजे पाणी उपसायची विहीर, नदीच्या उतारावर, वर पत्र्याची खोली. पंपापासून पाण्याच्या पातळीपर्यंत ओळंबा सोडून मोजलं, ५.६ मीटर. पाणी ओढणारा सक्शन पाईप १५० मिमी, जुना लोखंडी (एमएस), आतून गंजलेला असणार, लांबी १४ मीटर. खाली जाळीचा फूटवॉल, म्हणजे पाणी परत जाऊ न देणारी झडप. वर १२०० मीटर २०० मिमीचा पीव्हीसी, पंपापासून हौदापर्यंत चढ ३८ मीटर.

खोलीत शिरल्याबरोबर आवाज ऐकला. पुस्तकात लिहिलेलं असतं, "पॉपिंग साउंड". तसलं काही नाही. डबड्यात मूठभर खडी घालून कोणीतरी जोरजोरात हलवतंय, असा. केसिंगवर तळहात ठेवला तर मुंग्या आल्यासारखं होतं. तात्यांनी लांब पान्याचं एक टोक बेअरिंगवर टेकवलं, दुसरं कानाला. "बेअरिंग चांगलंय," म्हणाले. मग टोक सक्शनच्या बाजूला, इंपेलरच्या तोंडाशी. "हितं हाय." मीही ऐकलं. बेअरिंगचा आवाज एकसुरी, आणि तोंडाशी खडी. पान्यातून एवढा फरक कळतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

संस्थेचे पाटकरी, सगळे त्यांना अण्णा म्हणतात, कोपऱ्यात उभे राहून आमची गंमत बघत होते. मग पुढे आले, डिलिव्हरीचा वॉल फिरवून अर्ध्यावर आणला. खडी थांबली. पूर्ण नाही, पण थांबल्यातच जमा.

"वॉल दाबला की गप बसतंय," अण्णा म्हणाले. "पर पाणी कमी येतंय म्हणून सभासद शिव्या घालत्यात. वॉल उघडला की मोटर शिव्या घालत्या."

पंप किती ओढतो ते दाखवणारा व्हॅक्युम गेज सक्शनला लावलेलाच नव्हता. बसवायला जागा होती, तिथे लाकडी खुंटी ठोकलेली. तात्यांनी आमच्या पेटीतला गेज चढवला. वॉल पूर्ण उघडा: ५७० मिमी पारा. मी वहीत लिहिलं आणि जास्त वाटतंय म्हणून पुढे प्रश्नचिन्ह काढलं.

प्रश्नचिन्हाचं उत्तर तात्यांनी अर्ध्या तासात दिलं. मोटर बंद करून दोघांना पाण्यात उतरवलं, फूटवॉलची जाळी चाचपायला लावली. जलपर्णीची मुळं, प्लॅस्टिकची पिशवी, आणि कशाला तरी बांधलेला लाल दोरा. साफ केल्यावर गेज ५२५. आवाज थोडा कमी, पण खडी आहेच.

पाणी मोजलं. वरचा हौद ५ बाय ४ मीटर, बाहेरचे सगळे दरवाजे बंद करून पट्टीवर ३० सेंमी चढायला २ मिनिटं ४७ सेकंद. म्हणजे ६ घनमीटर भागिले १६७, सेकंदाला ३६ लिटर. वॉल अर्धा दाबून पुन्हा: ३ मिनिटं ८ सेकंद, ३२ लिटर.

परत येताना गाडीत तात्या झोपले. मला झोप आली नाही.

१५ फेब्रुवारी

टेबलावरचं काम. यात मी हुशार आहे, हे नम्रपणा सोडून लिहिते.

समुद्रसपाटीला हवेचा दाब पाण्याचा १०.३३ मीटरचा स्तंभ पेलतो. आमच्याकडे साधारण ५५० मीटर उंचीवर तो सुमारे ९.७ मीटरच. त्यातून ३० अंशाच्या पाण्याचा बाष्पदाब ०.४३ गेला. राहिले ९.२५. उचल ५.६ गेली. राहिले ३.६५. आता पाईप: १५० मिमीत ३६ लिटर म्हणजे वेग सेकंदाला २ मीटरच्या वर. गंजलेल्या पाईपचं घर्षण ०.६, फूटवॉल आणि बेंडचं ०.७५ च्या आसपास. हातात उरले २.३ मीटर. आमच्या पंपाचा कर्व्ह, म्हणजे किती पाण्याला तोंडाशी किती दाब लागतो त्याचा आलेख, ३६ लिटरला २.६ मागतो.

म्हणजे पंपाला तोंडाशी हवा तेवढा दाब मिळतच नाही. पाणी तिथे, तीस अंशाला, उकळतं. वाफेचे बुडबुडे होतात, इंपेलरच्या पात्यावर जरा पुढे सरकले की दाब वाढतो आणि ते फुटतात. खडी म्हणजे ते फुटणं.

आता अण्णांचा वॉल. ३२ लिटरला घर्षण उतरतं, हातात २.६ उरतात आणि कर्व्ह मागतो फक्त २.१. अर्धा मीटर शिल्लक. अण्णांनी समीकरणाची दोन्ही टोकं एका चाकानं एकाच वेळी हलवली होती, आणि जिथे पुरेशी शिल्लक राहते नेमकी तिथे आणून ठेवली होती. मी हे एक्सेलमध्ये काढलं तेव्हा उत्तर ३२.५ आलं.

बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसले.

कॉलेजात चौथ्या सेमिस्टरला सेंट्रिफ्युगल पंपाची प्रॅक्टिकल होती. रिग बंद होती, आमच्या आधीच्या बॅचलाही बंद होती. रीडिंग सिनियरच्या फाईलमधून उतरवली, ग्राफ सुंदर आला, व्हायव्हाला कॅव्हिटेशनची, म्हणजे याच बुडबुड्यांची, व्याख्या विचारली ती मी घडाघडा सांगितली. १० पैकी ९ मिळाले. त्या कॉलेजचं नाव लिहीत नाही. तशी कॉलेजं पुष्कळ आहेत.

२० फेब्रुवारी

पंप उघडला. इंपेलर काढायला तात्यांना दीड तास लागला, कारण नट उलट्या आट्याचा आणि आधीच्या कोणीतरी तो सुलट समजून छिन्नी चालवलेली. तात्या त्या माणसाच्या घराण्याबद्दल जे बोलले ते इथे येणार नाही.

इंपेलर हातात घेतला. पात्याच्या आतल्या टोकाशी, पाणी जिथे शिरतं त्याच्या जरा पुढे, धातू वाळवीनं खाल्लेल्या चौकटीसारखा. बोट फिरवलं तर कातडी सोलेल. बाकी पातं गुळगुळीत, रंगसुद्धा शाबूत. साधा गंज असा एका जागी बसून खात नाही. माझ्या थिसिसमध्ये हाच भाग लाल रंगात दाखवलेला होता, सिम्युलेशनचा रंगीत ठिपका. इथे त्या ठिपक्यात करंगळीचं नख जातं.

दुसरी गोष्ट मला आधी दिसली नाही, तात्यांना दिसली. व्हर्निअर मागितला. इंपेलर ४२५ मिमी. आमच्या ऑर्डरच्या कागदात ४०५ ट्रिम, म्हणजे कातून तेवढा केलेला.

चौकशी केली. दोन वर्षांपूर्वी पहिला इंपेलर खराब झाला तेव्हा कमिटीनं बाहेरच्या एका वर्कशॉपकडून "मोठा बसवा, पाणी जास्त येईल" म्हणून पूर्ण व्यासाचा बसवून घेतला. पाणी खरंच जास्त आलं. सगळे खूश. पंपाचा सर्वात चांगला बिंदू ३२ लिटरला आहे, आणि पंप आता कर्व्हवर त्याच्या उजवीकडे पळतोय, जिथे सक्शनची मागणी चढत जाते. मग इंपेलर खाल्ला गेला, की पुन्हा तसाच मोठा. पुन्हा खाल्ला गेला. बसवणाऱ्याचा हात चांगला होता, फिटिंगमध्ये खोट काढायला जागा नाही. त्याला फक्त कर्व्ह वाचता येत नव्हता, किंवा कोणी दाखवला नव्हता.

दिवसभर माझ्या डोक्यात "हातानं काम करणारे शहाणे, आम्ही पुस्तकी" असं काहीतरी चाललं होतं. ते संध्याकाळी पुसलं.

२१ फेब्रुवारी

जेवणाच्या सुट्टीत तात्यांना विचारलं, सक्शननं जास्तीत जास्त किती उचलता येतं? म्हणाले, "बावीस फूट. त्येच्या वर देव आला तरी न्हाई." का, ते माहीत नाही. त्यांच्या उस्तादांनी सांगितलेलं.

बावीस फूट म्हणजे ६.७ मीटर. एका ठीकठाक पंपासाठी, आमच्या उंचीवर, घर्षण धरून, हा आकडा मी काढला असता तर इतकाच काढला असता.

हे फार जुनं आहे. १६३८ साली छापलेल्या गॅलिलिओच्या संवादात एक पंप दुरुस्त करणारा कारागीर येतो. तो सांगतो की पंपात दोष नाही, पाणी १८ हातांच्या वर खेचलंच जात नाही, पंप लहान असो की मोठा. गॅलिलिओनं त्याचं जे कारण दिलं ते चुकलं: पाण्याचा स्तंभ स्वतःच्या वजनानं दोरासारखा तुटतो, असं त्याला वाटलं. बरोबर कारण तोरिचेल्लीनं पाच-सहा वर्षांनी पाऱ्याच्या नळीतून दाखवलं, की खेचणं वगैरे काही नसतं, बाहेरची हवा ढकलते. कारागिराचा आकडा मात्र पहिल्यापासून बरोबर होता.

तात्यांना हे सांगितलं. म्हणाले, "त्या गड्याचं नाव काय?" नाव छापलेलं नाही म्हटल्यावर हसले. "न्हाईच असणार."

२७ फेब्रुवारी

कमिटीची बैठक, देवळात. मी तीन पर्याय ठेवले.

इंपेलर पुन्हा ४०५ चा: खडी जाईल, पाणी ३२. सभासदांनी ऐकूनही घेतलं नाही. शेतीची लाईट दिवसा आठ तास, कधी रात्रीची पाळी. त्यात ऊस भिजवायचा. सेकंदाचे चार लिटर आठ तासांत एक लाख पंधरा हजार लिटरच्या आसपास जातात, आणि हा हिशेब मी नाही, मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं तोंडी केला.

पंप एक मीटर खाली उतरवणं: उत्तम, पण पावसाळ्यात नदी तिथे येते, मोटर बुडेल. बाद.

सक्शन १५० ऐवजी २०० मिमी: घर्षण जवळपास चौथ्यावर येतं. ३८ लिटरला हातात ३.२ उरतात, कर्व्ह मागतो २.८. शिल्लक ०.४. थोडी आहे, पण आहे. हे मंजूर झालं.

एकानं विचारलं, "पाईप मोठा केला तर मोटरला जास्त पाणी वढाय लागंल की, वझं न्हाई पडणार?" प्रश्न चांगला होता. उत्तर देताना मी "वेगाचा वर्ग" म्हणाले आणि सगळ्यांचे चेहरे बंद झाले. अण्णांनी सावरलं: "बारक्या स्ट्रॉनं ऊसाचा रस पी, मग मोठ्या स्ट्रॉनं पी. गाल कुठं दुखत्यात?"

पुढच्या वेळी स्ट्रॉ.

११ मार्च

ड्रॉईंग फॅब्रिकेशनला दिलं. सक्शन पाईप २०० मिमी, नवीन फूटवॉल, पंपाचा फ्लँज (बोल्टनं जोडायची कडा) १५० चाच असल्यानं शेवटी पाईप निमुळता करणारा २०० बाय १५० रिड्यूसर. दोन तासांचं काम. तपासायला कोणी बसलं नाही, मीही पुन्हा उघडलं नाही.

१३ मार्च

आज वार्षिक मूल्यमापनाचा फॉर्म आला. शेवटचा रकाना: "पुढील तीन वर्षांसाठी पसंती: डिझाईन / सर्व्हिस. एकावर खूण करा."

मैत्रिणीशी फोनवर बोलले. ती पुण्यात, सिम्युलेशन करते, पगार माझ्या दीडपट. म्हणाली, "साईटवर गेलीस की कायम साईटवरच राहशील, मुली तिथे टिकत नाहीत असं मग तेच म्हणतात." खोटं नाही. आणखी म्हणाली, तू 'गेलो-आलो' बोलायला लागलीस पुन्हा. मी कोल्हापूरची, लिहिताना 'गेले' लिहिते, बोलताना 'गेलो' येतं. ऑफिसात सांभाळते. जॅकवेलवर सांभाळत नाही.

साहेबांना फॉर्मबद्दल विचारलं तर त्यांनी लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट सांगितली. ती ते प्रत्येक नव्या माणसाला सांगतात. मुंबईला व्हीजेटीआयमध्ये ड्रॉईंग शिकवणारा माणूस, बेळगावात सायकलचं दुकान, मग लोखंडी नांगर, १९१० साली किर्लोस्करवाडी. तात्पर्य, म्हणे, ड्रॉईंग आणि भट्टी एकाच डोक्यात हवी. मान्य. पण लक्ष्मणरावांना कोणी दोन चौकटींचा फॉर्म दिला नव्हता, हे मी मनातच ठेवलं.

२६ मार्च

ऊसतोड आटोपलेली, कमिटीनं दोन दिवस मोटर थांबवायची परवानगी दिली. जुना पाईप निघाला. आत गंजाचे फोड, १५० चा पाईप जागोजागी १३५ चाच उरलेला. मी घर्षण कमीच धरलं होतं की काय! पण गेजचा आकडा जुळला होता, म्हणजे कुठेतरी दुसरीकडे जास्त धरलं असणार. दोन चुका एकमेकींना पुसून गेल्या आणि मी त्याला अचूक गणित समजले होते.

नवीन पाईप चढवला. कपलिंगवर डायल गेज लावून अलाइनमेंट, म्हणजे मोटर आणि पंपाचे दांडे एका रेषेत आणणं, मी केली, तात्यांनी बघितलं. ०.०८ मिमीवर आणली, खूश झाले. मग तात्यांनी सक्शन फ्लँजचे बोल्ट आवळले आणि म्हणाले, "आता बघ." काटा ०.३५ वर. पाईपचं वजन पंपाला ओढत होतं. फ्लँज समोरासमोर आले की झालं असं मला वाटलं होतं. बोल्टनं ओढून आणलेले फ्लँज म्हणजे पंपाच्या मानेला दोर बांधून ओढल्यासारखं आहे. पाईपखाली दोन टेकू, एक फ्लँज कापून पुन्हा वेल्डिंग. रात्रीचे साडेनऊ. आवळून काटा ०.१०.

'म्याडम'वरून तात्या आज 'पोरी'वर आले. केव्हा, ते लक्षात आलं नाही.

२७ मार्च

चालू केला. पहिली दहा मिनिटं शांत. मी अण्णांकडे बघितलं, अण्णांनी वॉल पूर्ण उघडला, तरी शांत. गेज ४६० च्या जवळ. माझ्या गणितात ४६० च होतं. फोटो काढला, साहेबांना पाठवला.

पंचविसाव्या मिनिटाला काटा नाचायला लागला. ४६०, ४००, ४८०. आवाज आला, पण खडीचा नाही. गुळण्या केल्यासारखा. हौदावरून फोन: पाणी ३३ वर आलं. अर्ध्या तासानं पंपानं पाणीच सोडलं. पुन्हा भरून चालू, पुन्हा तेच.

साहेबांचा उत्तर म्हणून अंगठा आला, नेमका तेव्हा.

तात्या म्हणाले, "हवा खातंय." खिशातून उदबत्तीचा पुडा काढला. मला वाटलं आता पूजा. त्यांनी एक पेटवली आणि चालू पंपाच्या सक्शनकडच्या एकेका सांध्याभोवती हळूहळू फिरवली, धूर बघत. सक्शनला आत निर्वात, म्हणजे जिथे फट असेल तिथे धूर आत ओढला जाणार. साबणाचं पाणी दाबाच्या पाईपवर चालतं, इथे ते फेस न होता आत जाईल. फूटवॉलच्या बाजूचा फ्लँज: धूर सरळ वर. बेंड: सरळ वर. ग्लँडशी, जिथे फिरता दांडा केसिंगमधून बाहेर येतो तिथे, धुराची एक बारीक शेपटी आत वाकली. ग्लँडची डोरी एक फेरा वाढवली, सीलचं पाणी सोडलं. धूर सरळ झाला.

तरी वीस मिनिटांनी गुळण्या.

मग तात्यांनी पान्यानं रिड्यूसरवर टकटक केलं. खाली: ठक, भरीव. बाजूला: ठक. वर: टण्ण. पुन्हा खाली, पुन्हा वर. "वर पोकळ वाजतंय."

मी रिड्यूसरकडे बघितलं आणि पोटात खड्डा पडला. कॉन्सेंट्रिक. दोन्ही बाजूंनी सारखा निमुळता. २०० वरून १५० वर येताना वरच्या बाजूला २५ मिमीची पायरी, आणि सक्शनमध्ये पाण्यातून सुटलेली हवा नेमकी त्या वरच्या खिशात साठत होती. साठली की घोटभर पंपात जाते. सक्शनला रिड्यूसर एक्सेंट्रिक लागतो, सपाट बाजू वर. हे मला माहीत होतं. परीक्षेत आकृतीसह चार गुणांना लिहिलंय. ड्रॉईंगवर मी फक्त "रिड्यूसर २०० बाय १५०" लिहिलं. वर्कशॉपनं त्यांच्याकडे होता तो लावला, त्यांची काही चूक नाही.

तात्यांनी काल तो बसवताना बघितला नव्हता का? विचारलं. म्हणाले, "बघितलं. तुझं ड्रॉईंग हाय म्हटल्यावर काय तरी इचार असंल वाटलं."

हे मला चुकीपेक्षा जास्त लागलं.

२८ मार्च

साहेबांना सगळं लिहून कळवलं, चूक कोणाची तेही. उत्तर आलं: "नवीन करून घे. खर्च आपला." एवढंच. अण्णांनी तोवर वॉल पाव भाग दाबून चालवायचा ठरवलं. उभं पीक वाळवून चालणार नाही.

३० मार्च

रंगपंचमी. सुट्टी. काही नाही.

३ एप्रिल

एक्सेंट्रिक रिड्यूसरचं ड्रॉईंग. या वेळी छापून तात्यांच्या टेबलावर नेलं आणि म्हटलं, बसवणारे तुम्ही, काय चुकलंय सांगा. त्यांना आधी अवघडल्यासारखं झालं. मग चष्मा लावला. दोन गोष्टी निघाल्या. बोल्टची भोकं उभ्या रेषेवर नको, तिच्या दोन्ही बाजूंना सारखी हवीत, नाहीतर सपाट बाजू वर ठेवायला गेलं की भोकं जुळत नाहीत आणि बसवणारा सोयीसाठी रिड्यूसर फिरवून टाकतो. आणि गेजचा टॅपिंग पॉइंट वरच्या बाजूला काढलाय, तिथे हवा बसून काटा खोटं बोलेल; बाजूला घे.

टॅपिंगचं मला माहीत असायला हवं होतं. भोकांचं कुठल्याच पुस्तकात नाही, निदान माझ्या पुस्तकांत नव्हतं.

बदल्यात तात्यांनी विचारलं, तो कर्व्ह वाचायचा कसा. तीस-बत्तीस वर्षं पंप बसवतायत, प्रत्येक पंपासोबत तो कागद येतो, ते पेटीत घालून संस्थेला देतात. अर्धा तास बसलो. तीन रेषा: उंची, कार्यक्षमता, सक्शनची मागणी. तिसरी रेषा उजवीकडे चढत जाते ते बघून त्यांनी बोट तिथेच ठेवलं. "म्हंजी अण्णा वॉल दाबतोय तवा ह्या बाजूला सरकतोय." डावीकडे बोट नेलं. मला हे समजायला एक सेमिस्टर आणि एक एक्सेल लागलं होतं.

९ एप्रिल

पाडवा. कमिटीचा हट्ट, आजच चालू करायचा. मोटरवर हळदकुंकू, नारळ. रिड्यूसर सपाट बाजू वर, भोकं जुळली, डायल ०.०९.

वॉल पूर्ण उघडा. गेज ४६०, काटा स्थिर. एक तास. हौद ३० सेंमी: २ मिनिटं ३८ सेकंद. ३८ लिटर. पान्यातून ऐकलं, बेअरिंगचाच आवाज. तळहात केसिंगवर ठेवला, मुंग्या नाहीत.

नेमकी तेव्हाच लाईट गेली. एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटं येऊ न देणारी झडप, धाडकन बसला आणि पाईपमधून हादरा वर हौदापर्यंत गेल्यासारखं वाटलं. सगळे हसले, मी दचकले. वॉटर हॅमरचं, म्हणजे पाणी एकदम थांबल्यानं बसणाऱ्या या धक्क्याचं, समीकरण मला पाठ आहे. तो पायाखालून जातो हे आज कळलं. एनआरव्ही स्प्रिंगचा घ्यावा का, वेगळा विषय, वेगळी फाईल.

गेजच्या काचेवर ४७० ला लाल रंगाची रेघ मारली. अण्णांना सांगितलं, वॉल पूर्ण उघडा असताना काटा रेघेच्या पलीकडे गेला तर आधी जाळी बघा, मग नदी बघा. बंधाऱ्याचं पाणी उतरलं आणि उचल सहा मीटरच्या वर गेली, तर वॉल दाबा, पूर्वीसारखाच. अण्णांनी रेघ बघितली. "आणि लाईट रातची असली, काटा दिसत नसला तर?"

"तर कान," मी म्हटलं.

"मग ते हायच."

१६ एप्रिल

अण्णांचा फोन. काटा ४९०. जाळी साफ केली, ४६२. जलपर्णी. फूटवॉलभोवती मोठ्या भोकांचा पिंजरा करावा का, विचारत होते. पिंजऱ्याचं क्षेत्रफळ पाईपच्या किमान चौपट ठेवा म्हटलं. त्यांनी विचारलं, "कॅरेट उलटं बांधलं तर?" टोमॅटोचं प्लॅस्टिकचं कॅरेट. भोकांचं क्षेत्रफळ मनात मोजलं, चौपटीच्या कितीतरी वर. बांधा म्हटलं.

२५ एप्रिल

तात्या जोतिबाच्या यात्रेहून आले, सगळ्या टेबलांना पेढे आणि माझ्या ड्रॉईंगवर गुलालाचा अंगठा. तो कागद फाईलला लावला, नवीन छापला नाही.

फॉर्म आज शेवटचा दिवस म्हणून भरला. दोन्ही चौकटी कोऱ्या ठेवल्या आणि खाली लिहिलं: डिझाईन विभागात राहून आठवड्यातला एक दिवस सर्व्हिसबरोबर साईटवर, आणि प्रत्येक फॅब्रिकेशन ड्रॉईंगवर बसवणाऱ्याच्या सहीचा रकाना. साहेबांनी वाचलं, पेननं 'एक दिवस'खाली रेघ मारली, म्हणाले, "कंपनीच्या सिस्टिममध्ये दोनच पर्याय आहेत, तिसरा घालायला एचआरला विचारावं लागेल." सहीचा रकाना मात्र त्यांनी तिथल्या तिथे मंजूर केला. त्याला कोणाला विचारावं लागत नाही म्हणे.

राहिलेली कामं: त्याच नदीवरच्या आणखी तीन संस्थांच्या पंपांना व्हॅक्युम गेज नाही, पत्र द्यायचं. एनआरव्हीची फाईल. ४२५ चा खाल्लेला इंपेलर भंगारात द्यायचा होता, तो तात्यांनी ट्रेनिंग रूममध्ये नेऊन ठेवलाय. सोमवारी आयटीआयची दोन नवी पोरं आणि एक बीईवाला येतोय. त्यांना आधी काय दाखवायचं यावर तात्यांचं आणि माझं अजून जमलेलं नाही. ते म्हणतात इंपेलर, मी म्हणते कर्व्ह.